निनावी इंजिनाचा कर्ता

साध्या सायकलीला बसवायचे पेट्रोल इंजिनाचे किट आज घरबसल्या मागवता येते. खोके उघडले की टू-स्ट्रोक इंजिन, कार्बोरेटर, मॅग्नेटो, सीडीआय, एवढीशी पेट्रोलची टाकी, क्लचची लिव्हर, चेन आणि मागच्या चाकाचे स्प्रॉकेट असा सगळा संसार बाहेर येतो. हे स्प्रॉकेट हबवर बसत नाही. रबरी चकत्यांमध्ये धरून ते थेट स्पोकांना बोल्टने आवळायचे असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर फ्रेमच्या नळीला नुसता पट्टीने पकडलेला असतो. तो सरकून स्पोकांत शिरला तर फिरते चाक जागच्या जागी अडकते. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे स्टड कच्च्या पोलादाचे निघाले तर थरथरीने तुटतात. खोक्यावर बहुधा ‘८० सीसी’ असे लिहिलेले असते. पण या जातीच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३८ मिलिमीटर; हिशेब मांडला की जेमतेम ६६ सीसी भरतात. म्हणजे ओळख सांगणारा पहिला आकडाच खोटा. बाकीची ओळख तर खूपदा नसतेच. कारखाना कुठला, माल कोणत्या महिन्यातला, कोणत्या लॉटमधला, भारतात तो कोणी उतरवून घेतला, यांपैकी काहीही खोक्यावर सापडत नाही. असे इंजिन लावलेली सायकल कल्याणच्या पत्रीपुलावर चाक अडकून कोसळली आणि कोणी जायबंदी झाले, तर ते कोणाचे कर्म? प्रश्न आरटीओचा किंवा ग्राहक आयोगाचा वाटतो. माझे म्हणणे असे की तो त्याआधी धर्मविचाराचा प्रश्न आहे. वस्तूचा माग पुसला की कर्म शिल्लक राहते आणि कर्ता नाहीसा होतो. आणि ज्याला उत्तर देणारा कोणीच नाही असे कर्म आपल्याकडच्या कोणत्याही गंभीर विचारपरंपरेने नीतीच्या हिशेबात मान्य केलेले नाही.

आधी वस्तुस्थिती नीट पाहू. मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ धरलेले नाही. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीलाही अशीच सूट आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, या तिच्या मुख्य अटी. ६६ सीसीचे इंजिन लावताच सायकल या सवलतीतून बाहेर पडते. मग तिला नोंदणी हवी, चालवणाऱ्याला परवाना हवा, तिसऱ्या व्यक्तीसाठी विमा हवा. पण नोंदणी करायला जावे तर प्रमाणित नमुना नाही, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी नाही, इंजिनाचा विश्वासार्ह क्रमांक नाही. त्यामुळे ठाण्याच्या एमएच-०४ किंवा कल्याणच्या एमएच-०५ मालिकेतला नंबर तिच्या वाट्याला येत नाही. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेली लुनाही मुळात पायडलवालीच होती. पण तिच्या चासीवर क्रमांक होता, कागदावर कारखाना होता, आणि ती कोणाला धडकली तर दाद कोणाकडे मागायची हे ठरलेले होते. किटवाल्या सायकलीने ठोकरलेल्या पादचाऱ्याला नंबर नाही, विमा कंपनी नाही, कारखाना नाही. त्याच्यासमोर उरतो फक्त चालवणारा, आणि तो बहुधा त्याच्याइतकाच फाटका असतो.

कार्यावरून कर्ता ओळखण्याची नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांची, एक प्रसिद्ध युक्ती आहे. घडा दिसला की कुंभार होता असे अनुमान निघते. त्याच चालीने हे जगही कार्य आहे, म्हणून त्याचाही कर्ता असला पाहिजे. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांनी हा ईश्वरसिद्धीचा गड नेटाने लढवला. या युक्तीवर बौद्धांनी आणि मीमांसकांनी जे आक्षेप घेतले त्यांतला एक आपल्या कामाचा आहे. कार्यावरून कोणीतरी कर्ता आहे एवढेच सिद्ध होते. तो कोण, कसा, एक की अनेक, हे मुळीच सिद्ध होत नाही. तुटलेला स्टड पाहून कोणीतरी तो ओतला, कोणीतरी तपासला नाही, कोणीतरी तरीही पाठवला, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही. पण ‘कोणीतरी’ला ना पश्चात्ताप करता येतो, ना भरपाई देता येते, ना पुढचा लॉट थांबवता येतो. ईश्वराच्या बाबतीत अनुमानाने भागत असेलही. माणसामाणसांतल्या दायित्वाला मात्र अनुमान पुरत नाही, तिथे माग लागतो. न्हावाशेव्यात उतरणारा कंटेनर, भिवंडीच्या पट्ट्यातले गोदाम, ऑनलाइन विक्रेत्याचे बदलते नाव, गल्लीतला सायकलवाला आणि शेवटी गिऱ्हाईक, अशा साखळीत प्रत्येक कडीला आपल्या आधीची एक कडी फार तर ठाऊक असते. सगळी साखळी कोणालाच ठाऊक नसते, आणि ती ठाऊक नसण्यावरच हा धंदा उभा असतो.

इथे एक चतुर बचाव पुढे येऊ शकतो, आणि तो तत्त्वज्ञानाच्याच भाषेत येतो. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूचा ‘एक कर्ता’ ही कल्पनाच भ्रम आहे. सुटे भाग एकाचे, जुळणी दुसऱ्याची, खोके तिसऱ्याचे, बसवणे चौथ्याचे. मग दोष कोणाचा म्हणायचा? या बचावाला सर्वांत नेमके उत्तर देते ती परंपरा, जिने कायमचा कर्ता स्वतःच नाकारला. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, सांगाडा म्हणजे रथ का? प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत राजा शेवटी मान्य करतो की रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. माणसाचेही तसेच. मग राजाला साहजिकच पडणारी शंका अशी की आत्मा नाही, तर केल्याचे फळ कोणी भोगायचे? नागसेनाचे उत्तर दिव्याच्या दृष्टान्तात आहे. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला बसतो. दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर, घराने गाव. गावकरी धरतात तेव्हा तो म्हणतो, मी ज्या उजेडात जेवलो ती आग वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. राजा निवाडा गावकऱ्यांच्या बाजूने देतो, कारण ही आग त्या आगीतूनच निघाली. जबाबदारी ठरवायला कायम टिकणारा कर्ता लागत नाही. एका क्षणाने दुसऱ्याला जन्म दिला हे दाखवणारी सलग संतती पुरते. म्हणून ज्याला ती जबाबदारी नको आहे, त्याने संतती तोडली की काम भागते. कारखान्याचे नाव खरवडणे, बिल न देणे, दर हंगामाला विक्रीचे नाव बदलणे म्हणजे नेमके हेच तोडणे. नागसेनाच्या माणसाने निदान आग एक की दोन यावर वाद घातला; निनावी व्यापारात आग आणि दिवा यांच्यामधली वाटच पुसलेली असते, त्यामुळे वादाचीसुद्धा पाळी येत नाही.

विक्रेत्याचे ‘मी फक्त विकतो’ हे वाक्य याच कारणाने तपासायला हवे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःला कर्ता समजणारा नीट पाहत नाही, असा त्याचा रोख. हा उपदेश अहंकार उतरवण्यासाठी आहे. दायित्व उतरवण्यासाठी तो वापरला तर त्याचे टोकच उलटे होते. पाच कारणे आहेत म्हणजे पाचांचा वाटा आहे. वाटे पडल्याने कर्ज फिटत नाही. जैन आचारशास्त्र या बाबतीत आणखी काटेकोर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अचौर्य व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, मोजले आहेत: चोराला प्रवृत्त करणे, चोरून आणलेला माल घेणे, राज्याच्या मर्यादा चुकवून व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे, आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणे. आयातीच्या नियमांना वळसा घालून आलेले, ६६ ला ८० म्हणणारे, दुसऱ्या कोणाचा ठसा मारलेले इंजिन घ्या आणि या यादीपुढे ठेवा. शेवटच्या तीन कलमांत ते फिट्ट बसते. विशेष हे की सूत्रकाराने माल बनवणारा, आणणारा, घेणारा असा भेद करून कोणालाही सोडून दिलेले नाही. व्रत प्रत्येकाच्या हातावर आहे, म्हणून दोषही प्रत्येक हाताजवळ थांबतो.

पहिला खरा आक्षेप गरिबीचा आहे, आणि तो हलका समजू नये. स्कूटरची किंमत आज लाखाच्या घरात पोचली आहे. पहाटे दूध किंवा पेपर टाकणारा, टिटवाळ्याच्या किंवा शिळफाट्याच्या बाजूला आडगल्लीत राहून स्टेशन गाठणारा, त्याला स्वस्त इंजिन हा शौक नसतो. त्याला ‘माग काढता येईल असाच माल घे’ असे सांगणे म्हणजे पोटभरल्याने उपाशाला पथ्य सांगणे, असे कोणी म्हणेल. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. स्वस्ताई वेगळी, निनावीपण वेगळे. साधा माल नाव-पत्त्यासह विकता येतो. खोक्यावर आयातदाराचा पत्ता, देश, महिना आणि लॉट छापायला जो खर्च येतो त्याने कोणाची चूल बंद पडत नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या मालावर ठाणे-कल्याणच्या पट्ट्याने खूप विनोद केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा त्यातला सर्वांत जुना. पण त्या विनोदातही ठिकाण सगळ्यांना ठाऊक होते. माल बिघडला तर कोणत्या कॅम्पात, कोणत्या गल्लीत जाऊन भांडायचे हे गिऱ्हाइकाला माहीत असे. स्वस्त वस्तू आणि तिच्या मागे उभा राहणारा माणूस एकत्र नांदू शकतात, याचा हा घरचा पुरावा. निनावी किटमध्ये किंमत जी कमी झाली आहे तिच्यातला एक हिस्सा मजुरीतून किंवा हुशारीतून आलेला नाही. जोखीम दुसऱ्यावर ढकलून तो वाचवलेला आहे. आणि तो दुसरा म्हणजे तोच दूधवाला, किंवा त्याच्यासमोरून रस्ता ओलांडणारी म्हातारी. गरिबाच्या नावाने केलेला हा युक्तिवाद शेवटी गरिबाच्याच खात्यावर चढतो.

दुसरा आक्षेप वरवर अधिक आध्यात्मिक आहे. नावाचा हव्यास हाच मुळात दोष. आपल्या थोर कारागिरीने नाव मागितले नाही. अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. शके ९८२ म्हणजे १०६० सालच्या तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. ज्या हातांनी ती भूमिज शैलीची बांधणी कोरली त्यांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. मग निनावीपण इथे पुण्य आणि इंजिनात पाप, असे का? कारण ही दोन निनावीपणे एकाच जातीची नाहीत. अंबरनाथचा पाथरवट आपल्याला अज्ञात आहे. ज्याने त्याला काम दिले त्याला, त्याच्या सूत्रधाराला, शेजारी घण मारणाऱ्याला तो अज्ञात नव्हता. तुळई तडकली असती तर कोणाला बोलवायचे हे त्या वेळी माहीत होते. श्रेय सोडणे आणि उत्तर चुकवणे यांत हा फरक आहे: पहिल्यात माणूस फळ सोडतो आणि काम स्वतःकडे ठेवतो, दुसऱ्यात फळ खिशात घालतो आणि काम सोडून देतो. निष्काम कर्माचा आधार पहिल्यालाच मिळतो. शिवाय आपल्याच परिसरात नाव कोरण्याची एक जुनी, सुंदर उदाहरणे असलेली परंपरा आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत कल्याणहून आलेल्या दात्यांची नोंद आहे. व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारसुद्धा आहे. टाके, वाट, लेणे काय दिले ते लिहिताना आपण कुठले आणि कोणता धंदा करणारे, हेही त्यांनी दगडात घालून ठेवले. पुण्य आपल्यापर्यंत पोचावे म्हणून पत्ता देणारा समाज पापाच्या बाबतीत पत्ता लपवू लागला, तर तो आपल्याच हिशेबपद्धतीला फसवत असतो.

तिसरा आक्षेप आपल्या हाडीमासी भिनलेला आहे: कर्माचा हिशेब वर आपोआप होतो, खोक्यावर नाव असो नसो, करणारा भोगेल. बाजारात याचेच रांगडे रूप ऐकू येते, ‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’. हे म्हणताना विकणारा हसतो आणि घेणाराही हसतो, आणि त्या हसण्यात दोघांनी मिळून दायित्व दैवावर सोडलेले असते. कर्मसिद्धान्त खरा मानला तरी तो करणाऱ्याच्या भविष्याबद्दल बोलतो; ज्याचा पाय मोडला त्याच्या उपचाराबद्दल, आणि त्याच लॉटमधल्या उरलेल्या इंजिनांबद्दल तो काही करत नाही. कोणाला तरी पुढल्या जन्मी फळ मिळणार या ज्ञानाने आज गोदामातला माल परत बोलावता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद आली. पण परत मागवायला आधी कोणाकडून, कोणाला, किती गेली हे माहीत असावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात कर्माचा विचार याच दिशेने वळवला. गतजन्मीच्या पापाने आजचे दुःख समजावून सांगणारी मांडणी त्यांनी नाकारली, आणि जगातली नैतिक व्यवस्था राखणारा कोणी वर बसलेला नाही, ती माणसांच्या कर्मांनीच टिकते किंवा ढासळते, हा अर्थ पुढे आणला. तो स्वीकारला तर बिल, लॉट क्रमांक, आयातदाराचा पत्ता ही निव्वळ सरकारी कटकट राहत नाही. माणसाने माणसासाठी चालवलेल्या कर्मव्यवस्थेची ती साधने ठरतात. हिशेब वर होत असेल तर उत्तमच. खाली मात्र तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

शेवटचा आक्षेप अनुभवाचा आहे, म्हणून सर्वांत बोचरा. नाव माहीत असून तरी काय होते? डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा कारखान्यांची नावे आणि पत्ते उपलब्ध होते. तरी माणसे गेली. आणि नाव खोटे छापता येते हे तर वेगळेच. यातला पहिला भाग मान्य करायलाच हवा. नाव असणे म्हणजे न्याय मिळणे असे मुळीच नाही. पण त्या दोन्ही दिवसांनंतर प्रश्न कोणाला विचारायचा हे तरी लोकांना ठाऊक होते. चौकशी, गुन्हा, अटक, आंदोलन यांना धरायला काहीतरी होते. निनावीपणात अन्याय तसाच राहतो आणि प्रश्नसुद्धा नष्ट होतो. दुसऱ्या भागाचे उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते. तरी तुकारामांच्या मुद्रेचे पुष्कळ अभंग मागाहून इतरांनी घुसवले. नुसत्या मुद्रेवर विसंबता येत नाही हे ओळखून ठाण्याचे वि. ल. भावे, ज्यांनी १८९३ साली तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करण्यात पुढाकार घेतला, ते तुकारामांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांकडे वळले आणि त्यांवरून तुकारामबुवांचा ‘अस्सल गाथा’ त्यांनी छापला. अस्सलपणाची कसोटी त्यांनी शेवटच्या ओळीतल्या नावावर ठेवली नाही. वही कोणाच्या हातची, कोणाच्या घरी राहिली, कोणाकडून आली, या हस्तांतराच्या मालिकेवर ठेवली. त्यांच्या कामावरही पुढे वाद झाले, पण वाद घालता आला तो वही समोर होती म्हणूनच. मालाच्या बाबतीतही हेच लागू पडते. ठसा खोटा असू शकतो. पण सलग बिले, सीमाशुल्काचे कागद आणि गोदामाच्या नोंदी एकमेकींशी जुळवून पाहता येतात, आणि लबाडी बहुधा अशा जुळणीतच उघडी पडते.

म्हणून निष्कर्ष असा की माग ठेवणे हा दर्जाचा उपविभाग नाही. दर्जाविषयी बोलणे शक्य होते तेच मुळी त्याच्यामुळे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे तत्त्व आपल्या कोरड्या भाषेत पकडले आहे. उत्पादक कोण ते कळत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या हाताबाहेर असेल, तर दायित्व विकणाऱ्यावर येते. जो कर्त्याला झाकतो तो स्वतः कर्ता ठरतो, असाच याचा अर्थ. नागसेनाच्या राजाने वेगळा निवाडा दिला नसता. गिऱ्हाइकाचे कर्तव्य यातून निसटत नाही. बिल न घेता मिळणारी सूट ही दुसऱ्या कोणाच्या सुरक्षिततेतून कापलेली रक्कम आहे, हे कळल्यावरही ती घेणारा साखळीची शेवटची कडी स्वतःच्या हाताने तोडतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांत वह्या पूजेला मांडतात. ज्या वहीत कोणता माल कोणाकडून आला आणि कोणाला गेला हे लिहिलेले नाही, तिच्यावर कुंकू वाहून काय साधते, हे दुकानदाराने स्वतःला विचारावे. वही पूज्य आहे ती तिच्यात सत्य लिहिलेले असते म्हणून, आणि पूजा करणाऱ्याने त्या सत्याला उत्तरदायी राहायचे ठरवलेले असते म्हणून. एवढे मान्य नसेल तर पूजा वगळलेली बरी. मान्य असेल तर पाडव्याच्या पहिल्या पानापासून लॉट क्रमांक लिहायला लागावे.